मराठी मॅस्टोडॉन सर्व्हरवर माणसं वाढली, सांभाळणारी वाढली नाहीत. नोंदणी बंद करू का?

कारवी, सातारा

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहिणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

मी कनिष्ठ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. नोव्हेंबर २०२२ मध्ये, ट्विटर विकलं गेल्यावर जी पळापळ झाली त्या आठवड्यांत, माझ्या भाच्याने आमच्यासाठी एक छोटा मॅस्टोडॉन सर्व्हर उभा केला. मॅस्टोडॉन म्हणजे एकमेकांना जोडलेल्या अनेक स्वतंत्र सर्व्हरांवर चालणारं ट्विटरसारखं माध्यम. आम्ही म्हणजे रविवारी कासला, चाळकेवाडीच्या सड्यावर, पाटणकडे रानफुलं बघत फिरणारी ४१ माणसं. त्यात दोन निवृत्त वनरक्षक, एक आयुर्वेदाचे वैद्य, कराडची एक बँक कर्मचारी, बाकी माझे आजी-माजी विद्यार्थी. सर्व्हर म्हणजे काय हे तेव्हा आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. भाचा म्हणाला, "मावशी, घर आपलं आणि रस्ते सगळ्या गावाचे, असं समज." तेवढं पुरलं.

पहिलं दीड वर्ष फार सुखाचं गेलं. सकाळच्या चहाबरोबर लोकल टाइमलाइन, म्हणजे आमच्याच सर्व्हरवरच्या सगळ्या पोस्टी, वाचली की सगळ्यांची खबर मिळायची. एखाद्या फुलाचं नाव अडलं की तीन जण पुस्तकं उघडून बसायचे. खात्री नसेल तर "खात्री नाही" असं स्पष्ट लिहायचे. हा नियम कुणी केला नव्हता, पण तो मोडल्याचं मला एकदाही आठवत नाही.

२०२४ च्या जूनमध्ये आमच्या वैद्यांनी रानभाज्यांवर रोज एक पोस्ट लिहायला घेतली. टाकळा, करटोली, भारंगी, कुडा, शेवळा. फोटो स्वच्छ, खाली ओळखायची खूण आणि शिजवायची रीत. त्या पोस्टी कुणीतरी व्हॉट्सॲपच्या ग्रुपांत टाकल्या आणि आमच्या दारात रांग लागली. पंधरा दिवसांत सहाशेवर अर्ज आले. आज १,१४० खाती आहेत, रोज दिसणारी माणसं तीनशेच्या आसपास.

मला आनंद झाला होता, हे आधी सांगते. पुस्तकातून शिकवताना ज्या गोष्टीसाठी मुलांच्या मागे लागावं लागतं, ती गोष्ट शिकायला लोक आपणहून येत होते. मी रात्री अकराला बसायचे आणि अर्ज वाचायचे, एकेक.

पुढे अडचणी सुरू झाल्या. भाच्याला कॅनडात नोकरी लागली. त्या पावसाळ्यातल्या एका मंगळवारी सर्व्हर अडकला. लोकांनी सकाळी टाकलेले फोटो संध्याकाळी दिसू लागले, मग दिसेनासेच झाले. साइडकिकचं, म्हणजे सर्व्हरची मागे चालणारी कामं दाखवणारं, पान उघडलं तर रांगेत ४८ हजार कामं पडून होती आणि डिस्क भरलेली. भाचा फोनवर एकेक अक्षर सांगत होता, मी टाइप करत होते. "मध्ये जागा सोड, मावशी. आता दोन आडव्या रेघा. आता एंटर." रात्री पावणेदोनला ९६ जीबी जागा मोकळी झाली आणि रांग हलायला लागली. ती सगळी जागा आमच्या फोटोंनी खाल्लेली नव्हती. दुसऱ्या सर्व्हरांवरच्या ज्या लोकांना आमची माणसं फॉलो करतात, त्यांच्या फोटोंच्या प्रती आमच्याकडे साठत गेल्या होत्या. माणसं वाढली तशी त्यांची ओळखीची जगंही आमच्या डिस्कवर येऊन बसली.

पण डिस्क साफ करता येते. मला झोप लागत नाही ती दुसऱ्याच गोष्टीने.

गेल्या जूनमध्ये एका नव्या सभासदाने शेताच्या बांधावरचा फोटो टाकला. "शेवळं आली! चिंच घालून मस्त शिजवा." फोटोत शेवळा नव्हता, सापकांदा होता. दोन्ही सुरणाच्या कुळातले, दोन्ही पहिल्या पावसात कोंब वर काढतात, आणि कोंब अजून उघडला नसेल तेव्हा नवखा माणूस सहज फसतो. या कुळातल्या झाडांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. शेवळासुद्धा काकडाची फळं किंवा आंबट काही घालून नीट शिजवावा लागतो, तो त्यासाठीच. आमच्या दोघांनी वीस मिनिटांच्या आत त्या फोटोखाली लिहिलं, "हा सापकांदा आहे, कृपया खाऊ नका." मी वाचलं आणि निश्चिंत झाले. सुधारणा झाली, संपलं, असं वाटलं.

फोटो बूस्ट होत होत, म्हणजे लोक तो आपल्या फॉलोअरांना पुढे दाखवत गेले तसा, दुसऱ्या सर्व्हरवर गेला होता. आमच्या लोकांची उत्तरं त्याच्या मागोमाग गेली नाहीत. तिकडे दिसत होता फक्त फोटो आणि चिंचेची रीत. नाशिकच्या एका बाईंनी तो पाहिला, इगतपुरीकडच्या आपल्या शेतावर तसेच दिसणारे कोंब काढले आणि भाजी केली. त्या आणि त्यांच्या सासूबाई, दोघींच्या जिभा सुजल्या, घसा सोलवटला, एक रात्र दवाखान्यात काढावी लागली. दोघी बऱ्या झाल्या. चार दिवसांनी त्यांनी मला लिहिलं, रागाने नाही. "तुमच्या सर्व्हरवरचं होतं म्हणून विश्वास ठेवला, ताई."

हे वाक्य मी तेव्हापासून रोज वाचते.

त्या मुलाने खोडसाळपणा केला नव्हता. त्याला माहीत नव्हतं, आणि माहीत नसताना थांबायचं असतं ही आमची सवय त्याच्यापर्यंत पोचायला वेळच मिळाला नव्हता. ४१ जणांत ती सवय नुसत्या बघण्यातून लागायची. पंधरा दिवसांत सहाशे आल्यावर नवे लोक जुन्यांना बघतच नाहीत, नवे नव्यांनाच बघतात.

आता मृगाच्या आधी मला ठरवायचं आहे. नोंदणी सरळ बंद करावी का? दुसरं, सगळं माझ्या एकटीच्या हातात आहे. डोमेन भाच्याच्या जुन्या ईमेलवर आहे, भाडं माझ्या कार्डावरून जातं, लोक यूपीआयने पैसे पाठवतात ते माझ्या बचत खात्यात येतात, हिशेब वहीत आहे. उद्या मला काही झालं तर काय? ज्यांनी असं काही चालवलंय किंवा असं काही बंद पडताना पाहिलंय, त्यांनी कृपया सांगा.

---

रात्रपाळी, पुणे

ताई, मी सर्व्हर सांभाळायचंच काम करतो, तेव्हा आधी यंत्राचं बोलतो.

तुमच्यावर जे आलं ते जगभर मोठमोठ्यांवर आलेलं आहे. हॅकिडर्म नावाचा सर्व्हर क्रिस नोव्हा यांनी आपल्या घराच्या तळघरात चालवला होता. नोव्हेंबर २०२२ च्या सुरुवातीला तिथे काहीशे लोक होते, महिना संपेपर्यंत ३० हजार झाले. तळघरातल्या डिस्क दम टाकायला लागल्या, पोस्टी तासन्‌तास रांगेत अडकल्या, आणि शेवटी लोक वापरत असतानाच सगळा पसारा जर्मनीतल्या भाड्याच्या मशीनवर हलवावा लागला. ती सगळी हकीकत त्यांनी उघडपणे लिहून ठेवली. ऑगस्ट २०२३ मध्ये नोव्हा गिर्यारोहणात अपघाताने गेल्या. तरीही हॅकिडर्म चालू राहिला, कारण तोपर्यंत त्यामागे एक संस्था आणि कामं वाटून घेतलेली माणसं उभी होती. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला मला यापेक्षा चांगलं उत्तर सुचत नाही.

आता तुमच्या सर्व्हरवर आजच बघायच्या गोष्टी. ऍडमिनच्या सेटिंगमध्ये बाहेरच्या मीडियाची प्रत किती दिवस ठेवायची ते ठरवता येतं. सात दिवस टाका, मग रात्री पावणेदोनला जागायची पाळी येणार नाही. जुनी प्रत पुसली तरी कुणी तो फोटो उघडला की ती मूळ सर्व्हरवरून परत येते, घाबरू नका.

बॅकअपबद्दल भाच्याला एकच प्रश्न विचारा: डेटाबेसबरोबर एन्व्ह डॉट प्रॉडक्शन ही फाइल बाहेर कुठे ठेवली आहे का? सगळ्या गुप्त किल्ल्या त्या फाइलीत असतात. मी एका ठिकाणी डेटाबेसचे रोजचे बॅकअप अगदी व्यवस्थित पाहिले, आणि ही फाइल मात्र ज्या मशीनवर होती त्या मशीनबरोबरच गेली. त्यानंतरचे तीन दिवस कुणावर येऊ नयेत.

आणि डोमेन. ते सगळ्यात आधी सोडवा. मशीन बदलता येतं, कंपनी बदलता येते, पण एकदा फेडरेशन, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरांशी पोस्टींची देवाणघेवाण, सुरू झालं की त्या सर्व्हरचं डोमेन नाव बदलता येत नाही. जुन्या ईमेलचा पासवर्ड विसरला आणि नूतनीकरणाची आठवण तिथेच येऊन पडली, तर ११४० जणांचा पत्ताच नाहीसा होईल.

उत्तरं पलीकडे पोचत नाहीत, हे दुखणं तुमच्या एकट्याच्या सर्व्हरचं नव्हतं. एखाद्या पोस्टखालची उत्तरं दुसऱ्या सर्व्हरवर आपोआप जातातच असं नाही. तिकडचं कुणी उत्तर देणाऱ्याला फॉलो करत असेल तर जातात. मॅस्टोडॉनच्या नव्या आवृत्तीत राहिलेली उत्तरं ओढून आणायची सोय आली आहे, पण ती वाचणाऱ्याच्या सर्व्हरवर असावी लागते. त्यामुळे सुधारणा उत्तरात ठेवून थांबू नका, मूळ पोस्ट लिहिणाऱ्याकडून ती पोस्टच दुरुस्त करून घ्या. दुरुस्ती पलीकडच्या सर्व्हरांना कळवली जाते आणि ज्यांनी बूस्ट केलं त्यांना सूचनाही जाते. तो सापडत नसेल तर तुम्ही ऍडमिन आहात, पोस्ट काढून टाका. काढल्याचा निरोप पलीकडे जातो. सगळे तो पाळतीलच याची हमी नाही, तरी बहुतेक ठिकाणी तो पाळला जातो.

नोंदणी बंद ठेवून निमंत्रणाच्या लिंक देता येतात. किती जणांसाठी, किती दिवसांसाठी, तेही ठरवता येतं. मी तुमच्या जागी असतो तर तेच केलं असतं.

---

जुना_पाहुणा, नागपूर

मी २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये पहिल्यांदा मॅस्टोडॉनवर आलो. सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद केलं गेलं, त्या रागात आपल्याकडचे खूप लोक तिकडे गेले त्यातला मी एक. दोन आठवडे नुसता उत्सव होता. मग एकेक जण परत गेला. मीही गेलो. आम्ही तिथे रागावून गेलो होतो, राहण्यासारखं तिथे काही उभं केलं नव्हतं. कारवीताई, तुमच्याकडे लोक शेवळ्यासाठी आले. ते टिकतील. राग पंधरा दिवसांत ओसरतो, पण भूक आणि कुतूहल दर पावसाळ्यात परत येतं.

२०२२ मध्ये मी पुन्हा आलो आणि एका छोट्या, छान सर्व्हरवर राहिलो. नाव घेत नाही. चालवणारा माणूस भला होता आणि एकटा होता. आमच्या लक्षात आलं नाही की तो दमलाय. एका शुक्रवारी सकाळी पान उघडेना. शनिवारी उघडेना. सोमवारी कुणीतरी कळवलं की तो आता ते परत सुरू करणार नाही.

मॅस्टोडॉनवर एका सर्व्हरवरून दुसरीकडे बिऱ्हाड हलवता येतं हे खरं आहे, फॉलो करणारे आपल्याबरोबर येतात. पण त्यासाठी जुना सर्व्हर जिवंत असावा लागतो, कारण "हा माणूस आता तिकडे राहतो" हा निरोप त्यालाच द्यायचा असतो. आणि पोस्टी तर तेव्हाही येत नाहीत. माझ्या वडिलांच्या आजारपणाच्या काळात मी तिथे रोज थोडं थोडं लिहीत होतो. अनोळखी माणसं रात्री दोनला विचारपूस करायची. त्यातलं एक अक्षर माझ्याजवळ नाही. त्या माणसांची खरी नावंही मला माहीत नव्हती, ती पुन्हा सापडली नाहीत.

त्या माणसावर माझा राग नाही. पण त्याने तीन महिने आधी सांगितलं असतं तर आम्ही दहा जणांनी मिळून ते ओझं उचललं असतं. मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत यायचं तर सर्व्हरला काही गोष्टी कबूल कराव्या लागतात. रोजचा बॅकअप, द्वेषाविरुद्ध खरी देखरेख, आणीबाणीत आत शिरू शकेल असा निदान आणखी एक माणूस, आणि बंद करायचं झालं तर तीन महिन्यांची आगाऊ सूचना. तुम्ही त्या यादीत जा की जाऊ नका, पण या चार गोष्टी मराठीत लिहून पहिल्या पानावर लावा. आणि आजच सगळ्यांना सांगा की आपापल्या खात्याची प्रत उतरवून घ्या. सेटिंगमध्ये ती मागता येते, सात दिवसांतून एकदा.

---

सोनकी, अकोले

मी कारवी मॅडमच्या सर्व्हरवर आहे. नोंदणी बंद करू नका, हे सांगायला आले आहे.

माझा पहिला अर्ज नामंजूर झाला होता. कारण विचारलं होतं तिथे मी लिहिलं, "भाज्या शिकायच्या आहेत." तीनच शब्द. मला वाटलं एवढंच लिहायचं असतं. मी नर्सिंगला आहे, तेव्हा परीक्षा चालू होती. दुसऱ्यांदा आजीबद्दल सविस्तर लिहिलं, मग अकरा दिवसांनी घेतलं. त्या अकरा दिवसांत मी रोज ईमेल बघायचे. मॅडम, तुम्ही रात्री अकराला बसून अर्ज वाचत होता हे मला आज कळतंय. पण लांब अर्ज लिहिता येतो तोच शिकायला लायक, असं होऊ नये. आमच्या वाडीत ज्यांना सगळ्यात जास्त झाडं माहीत आहेत त्या बायका फोनवर दोन ओळीसुद्धा लिहीत नाहीत.

माझी आजी त्यातलीच. तिला मी गेल्या वर्षी तो सापकांद्याचा फोटो दाखवला. तिने फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि परत दिला. "कोंबाच्या फोटूवरून मी सांगायची नाही," म्हणाली. "पान, देठ, कंद तिन्ही हाताला लागल्याशिवाय चुलीवर ठेवायचं नाही." मी विचारलं, तुला ओळखता येत नाही का? तर म्हणाली, "मला येतं. तुझ्या फोनला येत नाही."

मी हे तेव्हाच लिहिलं असतं तर बरं झालं असतं. पण मी नवी होते, जुन्या लोकांत बोलायला धीर झाला नाही. सर्व्हरवर जुन्या ४१ जणांचं एक वर्तुळ आहे, मॅडम. तुम्ही कुणी मुद्दाम केलेलं नाही, पण ते आहे. एकमेकांना टोपणनावांनी हाका मारता, २०२३ च्या सहलीच्या आठवणी निघतात, आणि आम्ही बाहेर उभं राहून वाचतो. ज्याने चुकीचा फोटो टाकला तो मुलगा त्या दिवसापासून गेला. त्याला सगळ्यांनी चूक सांगितली. या, पुढच्या रविवारी सड्यावर बरोबर चला, असं कुणी म्हणालं नाही.

अर्ज वाचायला मी तयार आहे. रात्रपाळी असते तेव्हा दोन ते चार मोकळा वेळ मिळतो.

---

इसारकाठी, म्युनिक

मूळचा मिरजेचा, अकरा वर्षं इथे आहे, इथल्या एका जर्मन सर्व्हरच्या देखरेख गटात काम करतो. सोनकीचं वाचून लिहायला बसलो.

जून २०२३ मध्ये रेडिट ही चर्चेची साइट सोडून लोक लेमीवर, म्हणजे असेच एकमेकांना जोडलेले सर्व्हर असलेल्या चर्चेच्या जागेवर, धावले तेव्हाचं सांगतो. बीहॉ नावाचा एक सर्व्हर होता, अर्ज वाचून माणसं घेणारा, शांत. शेजारी लेमी डॉट वर्ल्ड कुणालाही लगेच प्रवेश देत होता आणि रोज हजारोंनी फुगत होता. फेडरेशनमुळे तिकडची भांडणं थेट बीहॉच्या अंगणात यायला लागली. बीहॉचे ऍडमिन होते चार. त्यांनी शेवटी लेमी डॉट वर्ल्डशी आणि आणखी एका मोठ्या सर्व्हरशी संबंधच तोडले. खूप आरडाओरडा झाला, त्यांना घमेंडखोर म्हटलं गेलं. मला तेव्हाही त्यांचं पटलं आणि आजही पटतं. चार माणसांना जेवढं सांभाळता येतं तेवढंच सांभाळावं, आणि तसं स्पष्ट सांगावं. दार कायमचं लावा असं मी म्हणत नाही. सांभाळणारे किती आहेत ते बघून उघडा. शंभर नव्या माणसांमागे एक तयार झालेला मॉडरेटर असं काही प्रमाण ठरवलंत, तर सोनकीसारख्यांना आत घेण्याची घाई तुम्हालाच वाटेल.

मॉडरेटर करताना सगळे अधिकार द्यावे लागत नाहीत. रिपोर्ट बघणारा वेगळा, अर्ज बघणारा वेगळा, सर्व्हरच्या सेटिंगला हात लावणारे दोघंच, अशा भूमिका बनवता येतात.

बाहेरच्या स्पॅमबद्दल बोललं गेलं नाही म्हणून सांगतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये कुणी वाली नसलेल्या, नोंदणी सताड उघडी असलेल्या छोट्या सर्व्हरांवर खाती काढून जगभर स्पॅम सोडला गेला. त्यानंतर मॅस्टोडॉनने नव्या सर्व्हरांवर नोंदणी मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली. तुमच्यासारखा चालता सर्व्हर ओस पडला तर तो फक्त तुमच्या लोकांना गमावतो असं नाही, दुसऱ्यांवर दगड मारायला कुणाच्या तरी हाती लागतो.

कागदपत्रांकडेही बघा. खुद्द मॅस्टोडॉनच्या जर्मनीतल्या संस्थेचा धर्मादाय दर्जा २०२४ मध्ये गेला होता. काम चांगलं असलं म्हणजे कागद आपोआप नीट राहतात असं नाही.

---

सोसायटी_सेक्रेटरी, ठाणे

मला फेडरेशन वगैरे कळत नाही, पण १६ वर्षं १२८ सदनिकांच्या सोसायटीचे हिशेब बघतोय, म्हणून पैशांपुरतं लिहितो.

ताई, वही प्रामाणिक आहे यात शंका नाही, पण लोकांचा पैसा तुमच्या बचत खात्यात असणं आधी तुमच्यासाठीच वाईट. दोघा-तिघांच्या नावे वेगळं खातं काढा, दोन सह्यांशिवाय पैसा निघणार नाही असं. दर महिन्याला आलेले, गेलेले, उरलेले एवढ्या तीन ओळी सर्व्हरवर टाका. आमच्याकडे पाण्याच्या टँकरचा हिशेब फळ्यावर लावायला सुरुवात केली त्या महिन्यापासून थकबाकी आपोआप कमी झाली.

संस्था नोंदवायची घाई करू नका. १८६० च्या कायद्याखाली किमान सात जण लागतात, आणि महाराष्ट्रात त्याबरोबर धर्मादाय आयुक्तांकडे १९५० च्या कायद्याखालीही नोंद येते. दरवर्षीचा हिशेब, बदल अर्ज, सगळं करावं लागतं. आधी सात माणसं वर्षभर टिकतात का बघा. मग नोंदवा.

एक मात्र आजच करा. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव आणि संपर्क पानावर द्यावा लागतो, आणि तक्रार मिळाल्याची पोच २४ तासांत द्यावी लागते. सर्व्हर लहान आहे म्हणून यातून सूट नाही. एखाद्या वकिलाला दाखवून घ्या.

---

कारवी, सातारा

सगळ्यांचं दोनदा वाचलं. सोनकीचं तीनदा.

सोनकी, तुझा पहिला अर्ज मीच नामंजूर केला होता. रात्री जाऊन शोधला. त्या दिवशी ७० अर्ज होते आणि तीन शब्दांचे सगळे मी एका झटक्यात काढून टाकले होते. तुझी माफी मागते, आणि त्या बाकीच्यांचीही, ज्यांची नावं आता माझ्याजवळ नाहीत. वर्तुळाबद्दल तू लिहिलंस ते मला बोचलं, कारण ते खरं आहे.

तो मुलगा गेला हे मला माहीत होतं आणि मी काही केलं नव्हतं. काल त्याला ईमेल केला. त्याचं उत्तर आलं. त्याने त्या बांधावरची ती झाडं पुढे पावसाळाभर पाहिली होती. पान उघडल्यावरचे, फूल आल्यावरचे, फळ धरल्यावरचे फोटो काढून ठेवले होते. कोंबापासून लाल फळापर्यंत १९ फोटो, प्रत्येकावर तारीख. माझ्या वर्गात मी हे २३ वर्षांत एका मुलाकडूनही करून घेऊ शकले नाही. ते फोटो त्याच्या नावाने, त्याच्याच शब्दांत मृगाच्या आठवड्यात सर्व्हरवर यावेत, असं मी त्याला विचारलं आहे. नाशिकच्या ताईंनाही कळवलं.

नोंदणी मे अखेरीपासून बंद, फक्त निमंत्रणाने. जुन्या प्रत्येक माणसाकडे दोन लिंक असतील, आणि ज्याने बोलावलं त्याने पहिला महिना त्या नव्या माणसाबरोबर राहायचं. खायच्या वनस्पतीची पोस्ट असेल तर दोघांची खात्री मूळ पोस्टमध्येच लिहिलेली हवी, नाहीतर ती आम्ही काढणार. कोंबाच्या फोटोवरून खाण्याची शिफारस अजिबात नाही. हा नियम सोनकीच्या आजींचा म्हणून लिहिणार आहे, त्यांची हरकत नसेल तर.

जुना_पाहुणा, तुम्ही सांगितलेल्या चार गोष्टी मराठीत लिहून पहिल्या पानावर लावल्या. खात्याची प्रत उतरवा ही सूचनाही गेली. तुमच्या वडिलांबद्दल वाचून मी थोडा वेळ काहीच लिहू शकले नाही.

रात्रपाळी, तुम्ही म्हणता ती फाइल फक्त त्या मशीनवरच होती. भाच्याला विचारलं तर बराच वेळ फोनवर काही बोललाच नाही, मग म्हणाला, "मावशी, आत्ताच करू." आता ती दोन जागी आहे. डोमेनचं काम चालू आहे, त्या जुन्या ईमेलवर नूतनीकरणाची सूचना खरंच येऊन पडली होती. ३४ दिवस उरले होते.

या रविवारी रात्री ९ ला जित्सीवर, म्हणजे व्हिडिओ कॉलवर, बसतोय. सेक्रेटरी काका, खात्याच्या कागदांसाठी तुम्ही अर्धा तास आलात तर उपकार होतील. इसारकाठी, तुमच्याकडे तेव्हा संध्याकाळ असेल, मॉडरेटरांच्या भूमिका कशा पाडायच्या ते दाखवाल का? सोनकी, तुझी रात्रपाळी असेल तर वेळ बदलू.

---

सोनकी, अकोले

रविवारी सुट्टी आहे, मॅडम. आजीला विचारलं. ती म्हणाली नाव लावायचं तर पूर्ण लावा, नुसतं आजी नको. मी त्या दिवशी तिला फोनसमोर बसवते, ती स्वतः सांगेल.